बोरूवाले जिंकले तो वसंत

"अरे, काठी नीट धर! केरसुणी आहे का ती?" तुत्तू माझ्यावर खेकसला.

मी काठी नीट धरली. काठी कसली, नदीकाठचा वाळका बोरू तो, मुठीपाशी लव्हाळ्याची दोरी गुंडाळलेला. आमच्या गल्लीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या असल्याच काठ्या घेऊन देवापुढे मार खात आली होती.

"आणि तोंड जरा हसरं ठेव," तुत्तू पुढे म्हणाला. "हरायला चाललोय आपण, मयताला नाही."

"तुझं काय जातंय हसायला? तुला वर्षभर आयती भाकरी मिळणार. माझी मात्र..."

"तुझी इलाली चालली. ठाऊक आहे रे बाबा. मेंढपाळाची खेचरं तिच्या दाराशी उभी आहेत, तेही ठाऊक आहे. सकाळपासून दुसरं काही ऐकलंय का मी?"

त्याच काठीनं त्याची नडगी फोडावी असं वाटलं मला. पण तेवढ्यात मोठ्या देवळाकडून शिंगं वाजली आणि आम्ही सगळे बोरूवाले रांगेनं निघालो.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर म्हणाल म्हातारा भरकटला. आमचं हत्तुशा गाव म्हणजे राजाची राजधानी खरी, पण राजा आपला वर गडावर. खाली गावात वस्ती देवांची. जो मुलूख जिंकला त्याचे देव गाडीत घालून इकडे आणायचे, त्यांना घर द्यायचं, त्यांच्या त्यांच्या भाषेत गाणी म्हणायची आणि रोज पुढ्यात जाड भाकरी नि जवाची दारू ठेवायची. हजार देव आहेत म्हणतात. मी काही मोजत बसलो नाही. त्या सगळ्यांत थोरला वादळदेव, खालच्या गावातल्या मोठ्या देवळाचा धनी.

वसंतात डोंगरउतारावरचा बर्फ विरघळून केशराची फुलं वर आली, की त्याचा सण. मूर्ती अंगणात आणून बसवायची आणि तिच्यासमोर लढाई करायची. लढाई लुटुपुटीची. एका बाजूला काशावाले, म्हणजे आपलं राज्य. त्यांच्या हातात काशाच्या चकचकीत तलवारी, धार तेवढी बोथट केलेली. दुसऱ्या बाजूला आम्ही बोरूवाले, म्हणजे शत्रू. काशावाले धावून येतात, बोरूवाले "मेलो मेलो" करत आडवे होतात आणि एकाला पकडून देवाला अर्पण करतात. कापून नव्हे हो! पकडलेला माणूस वर्षभर देवाचा. त्याचं घर देवाचं, त्याची माणसं देवाची, त्याचा शब्दसुद्धा देवाचा. त्यानं देवळात पाणी भरायचं, लाकडं फोडायची आणि देवाच्या ताटातली उरलेली भाकरी खायची. आमच्या गल्लीत त्या जागेसाठी भांडणं व्हायची. मागच्या वर्षीचा कैदी घरी परतला तेव्हा बायकोनं दार उघडलं आणि विचारलं, कोण पाहिजे आपल्याला? इतका सुटला होता तो. यंदा पाळी तुत्तूची होती. त्यानं पोट आधीच रिकामं ठेवलं होतं.

मी टोपल्या विणायचो. लव्हाळ्याच्या, बोरूच्या, वेताच्या. झिदामामा गावातले बडे तांबट, काशावाल्यांचे म्होरके. त्यांच्या भट्टीला कोळशाच्या टोपल्या मी पुरवायचो आणि त्या मोजून घ्यायला त्यांची लेक इलाली यायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "ही टोपली आहे की चाळण?" मी रागानं लाल. दुसऱ्या दिवशी इतकी घट्ट टोपली विणून नेली, की तिनं त्यात पाणी ओतून बघितलं. थेंब गळला नाही. "आता कसं," ती म्हणाली आणि हसली. तिथंच माझं काम झालं. पुढे टोपल्या जरुरीपेक्षा जास्त लागायला लागल्या. झिदामामांच्या लक्षात आलं होतं, पण ते बोलायचे नाहीत. मिशीत हसायचे.

मग आड आली ती शपथ. झिदामामा एका हिवाळ्यात धातूचे दगड आणायला डोंगरात गेले आणि हिमवादळात सापडले. काश्तू नावाच्या मेंढपाळानं त्यांना पाठीवर घेऊन आपल्या झोपडीत नेलं, मेंढरांच्या मध्ये निजवलं, जगवलं. शुद्धीवर आल्यावर मामांनी हातात मीठ घेतलं आणि वादळदेवाची नि शपथेच्या सगळ्या देवांची नावं घेऊन म्हणाले, "माझी लेक तुझ्या घरात सून म्हणून देईन. शब्द मोडला तर पाण्यातल्या मिठासारखा विरघळून जाईन. मी, माझी लेकरं, माझी भट्टी, सगळं." उचलली जीभ लावली टाळ्याला! पण आमच्याकडे अशी शपथ म्हणजे दगडावरची रेघ. राजालासुद्धा ती पुसता येत नाही.

काश्तू माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मला निदान शिव्या देता आल्या असत्या. सणाला तो खेचरं घेऊन मुलीला न्यायला आला तेव्हा मी त्याचे पायच धरले.

"काश्तूकाका, तुम्हीच सोडा ना मामांना या शपथेतून."

"माझ्या हातात असतं तर आत्ता सोडलं असतं, पोरा," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. "पण शपथ माझ्यापाशी कुठं आहे? ती देवांपाशी आहे. मी हो म्हणून काय उपयोग? विरघळणार ती तुझी इलालीच."

मग मी भट्टीवर गेलो. झिदामामा सणाच्या तलवारीची धार बोथट करत बसले होते.

"मामा, काहीच वाट नाही का?"

"नाही."

"तुम्ही एवढं बोलून मोकळे!"

"आलाय ना राग माझा?" त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "मग लढाईला ये. नुसता आडवा होऊ नकोस इतरांसारखा. मार मला. जीव तरी हलका होईल तुझा."

"मारीनच!" मी म्हणालो आणि तिथून निघालो. डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसू नये म्हणून घाईनं निघालो, आणि घाईत भट्टीच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं.

तर असे आम्ही त्या सकाळी देवळाच्या अंगणात उभे. समोर वादळदेव, डोक्यावर उंच टोपी, हातात गदा, पायात वर वळलेल्या चोचीचे जोडे. बाजूला गाणारे, वाजवणारे आणि देवाला हसवणारा सोंगाड्या. भोवतीच्या छपरांवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या ओच्यात चीजचे गोळे. दुपारी देवापुढे चीज फेकून मारायचा खेळ असतो, त्यासाठी. त्या बायकांत इलाली. प्रवासाचा अंगरखा घालून बसली होती. सण आटोपला की तिनं थेट खेचरावर बसायचं होतं.

शिंग वाजलं. काशावाले ओरडत धावून आले. आमचे शूर वीर ठरल्याप्रमाणे पटापट लोळायला लागले. तुत्तू हात पसरून मधोमध उभा राहिला. "पकडा मला! हा बघा, इथे आहे मी!"

मी लोळलो नाही. माझ्या डोक्यात त्या खेचरांशिवाय दुसरं काही नव्हतं. आई गं, काय ओरडलो मी! घसा फाटेपर्यंत ओरडलो आणि काठी फिरवत सरळ झिदामामांवर धावलो. वाटेत कुणाला लागलं, कुणाच्या शिरस्त्राणावर बोरूचं टोक मोडलं, मला भान नव्हतं. मी उभा आहे बघून आमचे दोघेचौघे उठले. आडवं पडल्या पडल्या त्यांना वाटलं असावं, यंदा काही नवीन ठरलंय आणि आपल्यालाच सांगितलेलं नाही. झालं. सगळीच गल्ली उठली. तेवढ्यात छपरावरून कुणाच्या तरी आजीनं "हाण रे आर्मू!" म्हणून चीजचा गोळा फेकला. तो काशावाल्यांच्या निशाणवाल्याच्या नाकावर फुटला आणि मग आकाशातून चीजच पडायला लागलं. गल्लीतल्या बायका म्हणजे बायकाच. दुपारपर्यंत थांबतात होय?

त्या सगळ्या गोंधळात मी मामांपाशी पोचलो, सगळी ताकद लावून काठी हाणली आणि झिदामामा, तो डोंगराएवढा माणूस, धाडकन उताणा पडला.

मी त्यांच्या छातीवर पाय ठेवला. असंच करतात ना जिंकलेले, म्हणून ठेवला.

गाणारे अर्ध्या गाण्यात थांबले. काशावाले तोंडाचा आ करून उभे. फक्त सोंगाड्या पोट धरून हसत होता, आणि तो सोंग करत नव्हता. थोरले पुजारी पांढरेफटक पडले.

"हे काय केलंस?" ते म्हणाले. "अरे, शत्रू जिंकला! आजवर कधी झालं नाही असं!"

तेव्हा मी मामांच्या छातीवरचा पाय हळूच काढून घेतला. राज्यावर संकट आलं, तर ते कुणामुळे? टोपल्या विणणाऱ्या आर्मूमुळे.

"म्हातारीला बोलवा," पुजाऱ्यांनी हुकूम सोडला.

देवाला प्रश्न विचारणाऱ्या बाईला आमच्याकडे म्हातारीच म्हणतात, ती तिशीची असली तरी. आमची हाम्मीआजी मात्र खरोखर वाकलेली होती आणि जिभेला हाड नव्हतं तिच्या. तिनं दगडी कुंडात पाणी भरून घेतलं. कुंडाच्या एका काठाला पांढरे खडे लावले, दुसऱ्याला काळे. पांढरे म्हणजे हो, काळे म्हणजे नाही. मग टोपलीतून आपला पाणसाप काढून मधोमध सोडला. आमच्याकडे देव असाच बोलतो. तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. बाकीचं आपण विचारत विचारत शोधायचं.

"वादळदेवा, रागावलास का?" आजीनं विचारलं.

साप काळ्या काठाला गेला. नाही. लोकांनी श्वास सोडला.

"राज्यावर संकट आहे का?"

काळा.

"लढाई पुन्हा करून दाखवू का?"

काळा, आणि शेपटी आपटून काळा.

आजीनं पुजाऱ्यांकडे बघितलं. "आता काय विचारू? तुमच्या सगळ्या भीत्या संपल्या." मग स्वतःच कुंडावर वाकली. "का रे, आवडलं की काय तुला?"

साप सरळ पांढऱ्या खड्यांवर जाऊन बसला.

काय गजर झाला म्हणून सांगू! देवाला आवडलं! बोरूवाल्यांनी मला खांद्यावर घेतलं, छपरांवरून उरलंसुरलं चीज आलं, सोंगाड्या पुजाऱ्यांच्या गळ्यात पडला. मी वरून इलालीकडे बघितलं. ती हसत होती आणि रडत होती. मग मला आठवलं की मी जिंकलो खरा, पण त्यानं काय झालं? खेचरं अजून तिथंच उभी होती.

"मग यंदाचा कैदी मी नाही?" तुत्तूनं भोळेपणानं विचारलं.

"कैदी हा," पुजारी झिदामामांकडे बोट दाखवून म्हणाले. "पडला तो पकडला, पकडला तो देवाचा."

"आणि माझी भाकरी?"

मामांच्या डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं, अंगावर देवळातल्या नोकराचं जाडंभरडं वस्त्र घातलं आणि हातात पाण्याची घागर दिली. साऱ्या गावासमोर. लोक हसत होते. इतका मोठा तांबट, बोरूनं पाडला! कुणी म्हणे चीजवरून घसरला. मामा मान खाली घालून उभे होते. मला एकदम वाईट वाटलं.

मग काश्तू पुढे आला. टोपी हातात घेऊन, अवघडून.

"पुजारीबाबा, सण झाला. उजेड आहे तोवर डोंगर चढायचाय. मुलीला निघू द्या."

"जाऊ दे," पुजारी म्हणाले आणि मध्येच थांबले. "थांब. मुलगी तुला देणार कोण?"

"झिदा. त्यानं शपथ घेतलीय."

"झिदा कुठाय आता? हा देवाचा माणूस आहे. याचं घर देवाचं, याची लेक देवाची. हा कुणाला काही देऊ शकत नाही."

"मग शपथेचं काय?" काश्तू गोंधळला. "शब्द दिलाय त्यानं मला."

"याचा शब्दही देवाचाच आता. तो पाळायचा कसा ते त्यालाच विचारायला हवं."

सगळ्यांची डोकी हळूहळू मूर्तीकडे वळली. मला तोवर काही कळलं नव्हतं. तुत्तूनं कोपर मारून माझ्या कानात सांगितलं, "अरे येड्या, तुझा सासरा बदलला!"

हाम्मीआजी पुन्हा कुंडापाशी बसली. तेवढ्यात छपरावरून आवाज आला.

"थांबा! देवाला विचाराल, सापाला विचाराल. मला कोण विचारणार?"

इलाली शिडीवरून भराभर उतरली. पुजारी म्हणाले, "पोरी, बाप देईल तिथे मुलगी जाते. आणि आज तुझा बाप हा देव."

"हा बाप ना माझा?"

"हो."

"मग मला माझ्या बापाशी बोलायचंय."

पुजारी बाजूला सरकले. लेकीनं बापाशी बोलू नये असा काही नियम देवळात नव्हता. तिनं हात धुतले, तोंड धुतलं, केसांतलं चीज काढलं आणि मूर्तीपुढे जाऊन उभी राहिली. आवाज आधी बारीक होता, पण अंगणभर ऐकू गेला.

"बाबा, आजच तुझ्या घरात आलेय मी, आणि आजच मागायला उभी राहिलेय. काश्तूकाका भले आहेत. त्यांनी माझ्या त्या बाबांना जगवलं, त्यांच्यासाठी मी जन्मभर लोकर विणून देईन. पण मला तो आर्मू हवाय. तो उद्धट आहे, बढाया मारतो, पण त्याच्या टोपलीतून पाणी गळत नाही. तू नाही म्हणालास तर मी गुपचूप खेचरावर बसेन. रडणार नाही असं मात्र म्हणत नाही."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो आणि आनंदानं वेडाही झालो. उद्धट म्हणे! साऱ्या गावासमोर!

हाम्मीआजीनं नाक पुसलं. "वादळदेवा, ही पोर काश्तूच्या घरी जाईल का?"

साप कुंडाच्या मध्यावर वळवळला. पांढऱ्या काठाकडे निघाला. खड्यांना नाक लागणार तोच तो वळला आणि काळ्या काठाला गेला.

"काश्तूवर, झिदावर, त्यांच्या लेकरांवर शपथेचे देव कोपतील का?"

काळा. काश्तूनं मोठ्यानं "हुश्श!" केलं.

"पोर तुझ्याच देवळात राहील का?"

काळा.

"वरच्या गावात जाईल का?" काळा. "खालच्या गावात?" पांढरा. "कुंभारांकडे?" काळा. "बोरूवाल्यांच्या गल्लीत?"

पांढरा! आमची गल्ली नाचायला लागली, तर आजीनं काठी आपटली. "गप्प बसा मेल्यांनो, झालं नाही अजून. गल्लीत बिनलग्नाचे कोण कोण आहेत?"

सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. कारण होतो दोघेच. मी आणि तुत्तू.

तुत्तू घाबरून मागे सरकला. "माझं नाव नको! मी मागे घेतो!"

"देवापुढे नाव मागे घेता येत नाही," आजी म्हणाली. "ते काय जवाची दारू आहे, नको म्हणायला? वादळदेवा, तुत्तूकडे का?"

साप हलेचना. मध्येच वेटोळं घालून पडला. आम्ही सगळे कुंडाभोवती वाकलो. पुजारीसुद्धा सोवळं विसरून माझ्या खांद्यावरून डोकावत होते. इलालीनं माझ्या बाहीचं टोक धरलं होतं. तुत्तू पुटपुटत होता, "काळा, काळा, बाबा माझ्या, काळ्या काठाला जा." आणि मग सापानं आळस दिल्यासारखं अंग सोडलं आणि काळ्या खड्यांत जाऊन डोकं लपवलं.

तुत्तूनं उडी मारली. "नाही म्हणाला! देवानं मला नाही म्हटलं!" इतक्या आनंदानं नकार घेतलेला माणूस मी पुन्हा बघितला नाही.

आजीनं माझं नाव घेऊन विचारलं तेव्हा साप कुठे गेला ते मला दिसलंच नाही. डोळे भरून आले होते. पण लोक ओरडले त्यावरून कळलं.

लग्न तिथंच लागलं, त्याच अंगणात. मुलीचा बाप वादळदेव, म्हणून जाड भाकरी त्याच्या स्वैपाकघरातली, दारू त्याच्या रांजणातली. काश्तूनं आपल्या सामानातला सर्वांत मोठा मेंढीच्या चीजचा गड्डा आणून ठेवला. "फेकून मारू नका, खा," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? माझा पोरगा आज नाचेल. त्याला लग्नच नको होतं. तो मेंढरांशी बोलतो, माणसांशी नाही." हातावर पाणी घालायला देवाचा नवा नोकर आला. झिदामामा.

"धुवा हात, जावईबापू," ते म्हणाले.

"मामा, फार लागलं का हो?"

"लागलं तर! काय मारतोस रे! बरगडी मोडली असती." आणि गेले पुढे तुत्तूच्या हातावर पाणी घालायला.

मामांनी वर्षभर देवळात पाणी भरलं. सुटले तेव्हा अंगानं दुप्पट झाले होते. पुढे ते आमच्याकडेच राहिले. आम्हाला पोरं झाली, आणि बोरूवाल्यांच्या इतिहासातली ती एकमेव जिंकलेली लढाई मी त्यांना किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. पाहुणे आले की सांगायचो. पाहुणे नसले तरी सांगायचो. दरवेळी माझी काठी थोडी लांब व्हायची आणि मामा थोडे उंच व्हायचे. ते समोर बसून ऐकत, मान डोलवत आणि शेवटी बरगडी चोळत.

एका वसंतात, केशर नुकतंच फुललं होतं, मामा भिंतीशी उन्हात डुलक्या घेत होते. इलाली आणि मी पलीकडे बसून बोरू सोलत होतो. मी सहज म्हणालो, "काय टोला होता ना तो माझा! डोंगर आडवा केला डोंगर."

इलाली हसायलाच लागली. हसता हसता तिच्या मांडीवरचे बोरू खाली सांडले.

"काय झालं दात काढायला?"

तिनं बापाकडे वळून बघितलं. ते घोरत होते. मग ती हळूच म्हणाली, "मोठ्यानं बोलू नकोस हं, शपथेचे देव ऐकतील. तुझी काठी त्यांना लागलीच नव्हती."

"काहीतरीच!"

"मी छपरावर होते की. तू डोळे घट्ट मिटून धावत आलास. काठी त्यांच्या खांद्यावरून वाऱ्यात गेली. बाबा तसेच उभे. मग त्यांनी मान वर करून मला शोधलं. मी रडत होते. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, आणि पडले."

मी वळून मामांकडे बघितलं. ते अजून घोरत होते.

"नंतर एकदा विचारलं मी त्यांना. म्हणाले, मीठ हातात घेऊन दिलेला शब्द मला परत घेता येत नव्हता. पण स्वतःला देवाला देऊन टाकायला कुणाची हरकत होती?"

"आणि देवानं तुला काश्तूकडेच पाठवलं असतं तर?"

"तेही विचारलं. म्हणाले, तर खेचरामागून रडत गेलो असतो. पडणं तेवढं माझ्या हातात होतं."

सारं गाव हसलं होतं त्या माणसाला. बोरूनं पाडलेला तांबट म्हणून पोरं गाणी म्हणायची त्याच्यावर. आणि त्यात सर्वांत मोठ्यानं मीच. "मग इतकी वर्षं मी त्यांच्याचसमोर फुशारक्या मारतोय, तू मला थांबवलं का नाहीस गं?"

"कशाला थांबवू? त्यांना किती आवडते ती गोष्ट! तू सांगायला लागलास की त्यांचा चेहरा बघ एकदा."

आमचं बोलणं कानावर गेलं असावं, किंवा ऊन हललं असावं. मामांनी डोळे उघडले, आळस दिला. अंगणात खेळणारी पोरं आजोबा उठले म्हणून त्यांच्याभोवती गोळा झाली.

"काय जावईबापू," मामा म्हणाले, "नुसते बसलात ते? पोरांना सांगा की आपली लढाई. बऱ्याच दिवसांत मला कुणी पाडलं नाही."

मी डोळे पुसले, मांडीवरचा एक बोरू उचलला आणि उभा राहिलो. त्या दिवशी मी मामांना पाडलं ते आजवर कधी पाडलं नव्हतं इतक्या जोरात.